एकही भोक नसलेलं पान

इंग्लंडच्या डेव्हन भागातल्या थॉर्नाकॉट गावाच्या पुष्पप्रदर्शनाची रीत ठरलेली आहे. जुलैच्या पहिल्या शनिवारी सकाळी नऊच्या आत आपापल्या कुंड्या तंबूत मांडायच्या आणि बाहेर पडायचं. मग परीक्षक आत एकटे फिरणार. दुपारी दोन वाजता तंबूचं दार उघडलं, की प्रत्येकाने घाई नसल्यासारखं दाखवत घाईने आपल्या टेबलापाशी पोहोचायचं.

हेस्टर लस्कोमही तशीच पोहोचली. पहिल्या नंबराचं कार्ड लाल असतं, दुसऱ्याचं निळं, तिसऱ्याचं पिवळं. तिच्या होस्टासमोर, म्हणजे नुसत्या पानांच्या शोभेसाठी वाढवायच्या त्या झाडासमोर, यातलं एकही नव्हतं. पांढरं कार्ड होतं, आणि त्यावर अगदी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘नियमात बसत नाही.’

तिने ते तीनदा वाचलं.

“नियमात बसत नाही?” ती मोठ्याने म्हणाली. शेजारी आपले कांदे न्याहाळत उभा असलेला गृहस्थ सभ्यपणे दोन पावलं बाजूला सरकला.

होस्टाची कुंडी कवेत मावेल एवढी होती. पानं थाळीएवढी, निळसर राखाडी, शिरा उठून दिसणारी. एकूण सत्तावीस पानं, आणि सत्तावीसांत एकही भोक नाही. मेच्या मध्यापासून सहा आठवडे डेव्हनमध्ये पाऊस थांबला नव्हता. असा पाऊस म्हणजे बिनशंखी गोगलगायींची मेजवानी, आणि मेजवानीत त्यांना होस्टाइतकं दुसरं काही आवडत नाही. गावातल्या सगळ्यांच्या होस्टांची चाळण झाली होती. लाल कार्ड मिळवलेल्या कुंडीतल्या पानांचे काठसुद्धा उंदराने भाकरी कुरतडून ठेवावी तसे दिसत होते. त्या कुंडीला पहिला नंबर! आणि हिच्या पानांना पांढरं कार्ड!

ही पानं काही आकाशातून पडली नव्हती. शरद ऋतूत जुनी पानं पिवळी पडून लोळायला लागली, की हेस्टर गुडघ्याखाली उशी घेऊन एकूण एक पान वेचून काढायची. गोगलगायी त्या कुजक्या पाचोळ्याखालीच अंडी घालतात, साबुदाण्यासारखी, झुबक्याने. मार्चमध्ये मातीतून जांभळी टोकं वर आली, की खरी परीक्षा. तेव्हा पान गुंडाळीत असतं. गोगलगायीने त्या गुंडाळीला एक चावा घेतला, तर तो सगळ्या घड्यांतून आरपार जातो, आणि पान उलगडतं तेव्हा भोकांची रांगच्या रांग दिसते. म्हणून टोकं दिसल्या दिवसापासून लसणाचं पाणी. दोन अख्खे गड्डे उकळायचे, कुस्करायचे, गाळायचे. झारीभर पाण्यात दोन चमचे टाकून दर पावसानंतर पानांवर शिंपडायचं. कुंडीला पाणी सकाळी घालायचं, संध्याकाळी नाही, नाहीतर रात्रीसाठी आपणच त्यांना ओली वाट करून देतो. आणि पहाटे पाचला बादली घेऊन पानाखाली हात घालून एकेक वेचायची. त्यातही ठिपक्यांची मोठी गोगलगाय दिसली तर तिला हात लावायचा नाही; ती पाचोळा खाते आणि दुसऱ्या गोगलगायींना पळवून लावते.

हे सगळं हेस्टर गावातल्या शाळेत सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवत असे. चौतीस वर्षं तिने त्याच शाळेत वर्ग घेतले होते. निवृत्तीनंतर दर गुरुवारी दुपारी दोन ते तीन शाळेमागच्या वाफ्यांवर ती मुलांचा बागेचा तास घ्यायची. बाकीचे सहा दिवस म्हणजे गुरुवारची वाट पाहणं. आणि त्या तासाचा पहिला नियम होता, विष नाही. निळे विषारी दाणे टाकले, की मेलेली गोगलगाय साळुंखीएवढा थ्रश पक्षी खातो, हेजहॉग नावाचा छोटा काटेरी प्राणी खातो, आणि तेही मरतात. दाणे कायद्याने बंद झाले त्याच्या कितीतरी आधी तिने ते वाफ्यांवरून हद्दपार केले होते.

“डेन्झिल!”

डेन्झिल येओ हा प्रदर्शन समितीचा अध्यक्ष. वय एक्कावन्न, ट्रॅक्टर दुरुस्तीचा व्यवसाय, मान बैलासारखी. सात वर्षांचा असताना तो हेस्टरच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायचा. हाक ऐकून तो थबकला.

“हं, मिस... म्हणजे, हेस्टर.”

“हे काय आहे?”

“कार्ड.”

“ते मला वाचता येतं. तुलाही वाचायला मीच शिकवलं. कोणत्या नियमात बसत नाही?”

“अकराव्या.” त्याने आवाज खाली आणला. “विषारी दाण्यांच्या. तक्रार आली आहे, लेखी.”

“कुणाची?”

“नाव नाही लिहिलेलं.”

“बिननावाच्या चिठ्ठीवरून तू माझी कुंडी बाद केलीस? हात खिशातून काढ, डेन्झिल. हं. आता ते बोट या मातीत घाल आणि मला एक निळा दाणा काढून दाखव. फक्त एक.”

“मिस, लोक बघतायत.”

“बघू देत. त्यासाठीच तर तंबू उभारलाय!”

डेन्झिलने मातीत बोट घातलं नाही. तो म्हणाला, “परीक्षकांचं म्हणणं पडलं की या वर्षी इतकं स्वच्छ पान म्हणजे... नैसर्गिक वाटत नाही.”

“म्हणजे मी काम केलं, हाच माझा गुन्हा! थोडं कमी केलं असतं तर लाल कार्ड मिळालं असतं, असंच ना?”

“तसं नाही, पण...”

“तसंच आहे.”

तेवढ्यात मिस पॅस्को आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका, वय चौतीस, आवाज मऊ. त्यांनी हेस्टरच्या दंडाला हलकेच हात लावला. या गावात दंडाला हात लावून कुणी चांगली बातमी सांगत नाही.

“हेस्टर, आत्ताच दोन पालक मला विचारत होते. काहीतरी गैरसमज असणार, माझी खात्री आहे. पण मला वाटतं, या गुरुवारी आपण थांबू या का? प्रकरण मिटेपर्यंत?”

“मिटेपर्यंत म्हणजे कधी?”

“समितीची पुढची बैठक सप्टेंबरात असते ना?” मिस पॅस्को ओशाळून म्हणाल्या. “मुलांचे हात मातीत असतात, हेस्टर. माझीही अडचण समजून घ्या.”

हेस्टरला सगळं समजत होतं. सप्टेंबरपर्यंत शाळेचं नवं वर्ष लागलेलं असणार, गुरुवारी दोन वाजता पोहण्याचा नाहीतर गाण्याचा तास लागलेला असणार, आणि ‘थांबू या का’चं कायमचं थांबणं होणार. मुलांना काय सांगणार? की मिस लस्कोम आम्हाला एक सांगायच्या आणि घरी दुसरंच करायच्या.

“डेन्झिल, ती चिठ्ठी दे.”

“मिस, ती गोपनीय...”

“दे!”

त्याने दिली. चहाच्या टेबलामागच्या कोपऱ्यात उभं राहून तिने ती वाचली. जांभळट कागद, आखल्यासारख्या सरळ ओळी.

‘मला कुणाचं वाईट चिंतायचं नाही. पण यंदा माझ्या बागेत गोगलगायींनी कहर केला आहे. मंगळवारी सकाळी मी एकशे सदतीस मोजल्या. कुंपणापलीकडे श्रीमती ल. यांच्या होस्टांवर मात्र एकही नाही. जमीन तीच, पाऊस तोच. मग त्यांच्या बाजूच्या गोगलगायी गेल्या कुठे? माझ्या मते या प्रश्नाचं एकच उत्तर असू शकतं.’

नाव लिहायची गरजच नव्हती. मोजल्याशिवाय जिला चैन पडत नाही अशी गावात एकच बाई होती: बेरिल चग, पोस्टातून निवृत्त, हेस्टरची बावीस वर्षांची शेजारीण. बावीस वर्षं कुंपणावरून ‘आज जरा उघडीप दिसते’, ‘हो ना, पण वारा आहे’ एवढं बोललेली. आणि विचारायची वेळ आली तेव्हा समितीला पत्र! अगं, सहा फुटांवर तर राहते मी! मान वर करून ‘हेस्टर, तू काय टाकतेस गं?’ एवढं विचारलं असतं तर काय जीभ झडली असती?

हेस्टरने चिठ्ठी मुठीत चुरगळली. पण मग तिने ती परत उघडली आणि एका वाक्यावर तिची नजर अडली.

‘मग त्यांच्या बाजूच्या गोगलगायी गेल्या कुठे?’

हे मात्र हेस्टरला ठाऊक होतं.

आधी ती बादली घेऊन गल्लीच्या टोकाला ओढ्याकाठी जायची आणि तिथे गोगलगायी सोडून यायची. जवळ सोडल्या तर त्या घर शोधत परत येतात, म्हणून लांब. पण तीन वर्षांपूर्वी उजवा गुडघा गेला. पहाटे पाचला, ओल्या उतारावर, भरली बादली घेऊन कोण जाणार? मीठ टाकून मारणं तिला जमत नव्हतं. मुलांना तिने ते क्रूर असल्याचं सांगितलं होतं आणि स्वतःला ते खरंच तसं वाटत होतं. कुंपण छातीएवढं उंच होतं आणि पलीकडे एवढी मोठी बाग. एका पावसाळी सकाळी तिने एक फेकली. मग दुसरी. आता बादली लागायचीच नाही. पानाखाली हात, चिमटीत गोगलगाय, आणि खांद्यावरून झोकात पलीकडे. ती हे फेकणं मनात कधी नीट शब्दांत मांडतच नव्हती. गावात कोण फेकत नाही? सगळे फेकतात आणि कुणी बोलत नाही.

म्हणजे बेरिलचा हिशेब बरोबर होता. फक्त उत्तर चुकलं होतं.

तिने चहा घेतला. तो गार होईपर्यंत हातातच राहिला. गप्प राहिलं तर ती विष घालणारी ठरणार आणि गुरुवार जाणार. खरं सांगितलं तर विषाचा डाग जाईल, पण मग ती कोण ठरेल? तंबूच्या पलीकडच्या टोकाला बेरिल केकच्या टेबलामागे उभी होती, डोक्यावर गवताची टोपी, हातात सुरी, स्पंज केकचे तुकडे अगदी सारखे कापत. तिने एकदाही इकडे पाहिलं नाही. त्या न पाहण्यानेच हेस्टरचं ठरलं.

चार वाजता डेन्झिल बक्षिसं द्यायला माइकपाशी उभा राहिला.

“तो भोंगा इकडे दे,” हेस्टर म्हणाली.

“मिस, आधी बक्षिसं...”

“आधी मी.”

एकेकाळच्या दुसऱ्या बाकावरच्या मुलाने माइक दिला.

“माझ्या होस्टाला पांढरं कार्ड लागलंय,” हेस्टरचा आवाज तंबूभर घुमला. “कारण कुणीतरी लिहून दिलं की मी विष घालते. कुणी दाणा पाहिला नाही, माती तपासली नाही, मला विचारलं नाही. पान चांगलं आहे, म्हणून बाई वाईट! चौतीस वर्षं मी या गावातल्या मुलांना शिकवलं की पाहिल्याशिवाय कुणावर आळ घेऊ नये. त्यातली निम्मी मुलं आज या तंबूत आहेत, आणि मला त्यांची लाज वाटते.”

कुणीतरी खोकलं. डेन्झिल स्वतःच्या बुटांकडे पाहू लागला.

“पण पत्रात एक प्रश्न आहे. माझ्या बाजूच्या गोगलगायी गेल्या कुठे? त्याचं उत्तर मी देते. मी त्या मारत नाही. मी त्या रोज पहाटे पाचला वेचते आणि कुंपणावरून बेरिल चगच्या बागेत फेकते.”

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. बरेच लोक आपापल्या शेजाऱ्याकडे न पाहता तंबूच्या छताकडे पाहू लागले.

केकची सुरी खाली पडली.

“थप्प!” बेरिल ओरडली. “ते थप्प, थप्प! रोज पहाटे! मला वाटायचं, कबुतरं शेडवर बसतात! शेडवर जाळी घातली मी, हेस्टर! शिडीवर चढून! अडुसष्टाव्या वर्षी!”

“मला कसं कळणार तू जाळी कशासाठी घातलीस?”

“विचारायचंस!”

“तू विचारलंस?”

“एकशे सदतीस!” बेरिल सगळ्या तंबूला उद्देशून म्हणाली. “एकशे सदतीस मोजल्या मी! माझ्या होस्टांचे नुसते देठ उरलेत, देठ! आणि मी सगळ्यांना सांगत फिरले की माझीच माती खराब!”

“आणि मी विष घालते हेही सांगत फिरलीस.”

“मला वाटलं तसं!”

“तेच तर म्हणतेय मी!”

डेन्झिलने दोघींच्या मधे हात धरला, रस्त्यावर गाई थांबवतात तसा. मग खिशातून नियमांची पुस्तिका काढून त्याने दोनदा पानं उलटली. “गोगलगाय फेकण्याविषयी...” तो म्हणाला, “नियम नाही आपल्याकडे.” मग तो जरा विचार करून म्हणाला, “आणि इतकी लाजिरवाणी गोष्ट कुणी खोटी सांगणार नाही. शिवाय बेरिलने आवाज ऐकलाय.”

तो गेला आणि हेस्टरच्या कुंडीवरचं पांढरं कार्ड उचलून घेऊन आला.

“मग लाल कुठे आहे?” हेस्टरने विचारलं.

“परीक्षक साडेतीनलाच गेले, मिस. नंबर बदलता येत नाही.”

“म्हणजे आळ खोटा, पण निकाल खरा!”

“हो,” डेन्झिल दुःखाने म्हणाला. “असंच झालंय.”

मिस पॅस्को दाराशी थांबल्या होत्या. या वेळी त्यांनी दंडाला हात लावला नाही. “गुरुवारी या,” त्या म्हणाल्या. “पण अर्धी मुलं आज इथेच होती आणि उरलेल्यांना रात्रीपर्यंत कळेल. तुम्हीच सांगा त्यांना. मला नाही सांगता येणार.”

गुरुवारी दोन वाजता अठरा मुलं वाफ्यांच्या कडेने ओळीत बसली होती. एरवी ती हेस्टर दिसताच ‘मिस, माझं मुळ्याचं रोप!’ म्हणत धावत यायची. आज सगळी गप्प, आणि गप्प अठरा मुलं म्हणजे काय, हे हेस्टरइतकं कुणाला माहीत नव्हतं. मिस पॅस्को पायरीवर बसल्या होत्या.

“तुम्ही ऐकलं असेल,” ती म्हणाली.

“तुम्ही गोगलगायी चोरून फेकता,” टॅमसिन नावाची मुलगी म्हणाली. तिचे गाल रागाने लाल झाले होते. “मिसेस चगच्या बागेत!”

“हो.”

“पण तुम्हीच सांगितलं होतं ओढ्यापर्यंत जायचं! आम्ही गेलो, पावसात! माझे बूट भरले पाण्याने!”

“हो, मी सांगितलं होतं.”

“मग हे अन्यायाचं आहे, मिस!”

हेस्टरला वाटलं, गुडघ्याचं सांगावं. पण गेल्याच महिन्यात जॅगोने ‘पाय दुखत होता’ म्हणून आपल्या वाफ्याला पाणी घातलं नव्हतं, तेव्हा तिने काय म्हटलं होतं ते तिला आठवलं. ती म्हणाली, “खरंय. अन्यायाचंच आहे.”

“पण तुमच्यावरही अन्याय झाला,” जॅगो म्हणाला. तो सगळ्या बाजू मोजून बोलणारा मुलगा होता. “तुमचाच पहिला नंबर आला असता. माझे बाबा म्हणाले.”

“हो. त्याचा मला अजून राग आहे. खूप राग आहे. कुणी न विचारता आपल्यावर आळ घेतला तर राग यायलाच हवा.”

“मग मिसेस चगनाही राग यायलाच हवा,” टॅमसिन म्हणाली.

“हो. त्यांनाही.”

“तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात?”

हेस्टरने हातातली खुरपी वाफ्याच्या कडेला ठेवली. “नाही.”

“का?”

“कारण तिनेही मला म्हटलेलं नाही.”

अठरा मुलांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. चौतीस वर्षं, दर आठवड्याला निदान एकदा, कुणीतरी हेच उत्तर तिला दिलं होतं, आणि तिने ते एकदाही चालू दिलं नव्हतं.

“मिस,” जॅगो जरा अडखळत म्हणाला, “हे चालत नाही ना?”

“नाही,” हेस्टर म्हणाली. “चालत नाही.”

“मग आत्ता जा. आम्ही थांबतो.”

हेस्टरने पायरीकडे पाहिलं. मिस पॅस्को उठल्या आणि खुरपी हातात घेऊन म्हणाल्या, “मी आहे इथे. मुळ्यातलं तण काढायचं ना?”

“मुळा नाही, ते गाजर आहे,” टॅमसिनने त्यांना सांगितलं.

बेरिलचं घर शाळेपासून पाच मिनिटांवर. पाचही मिनिटं हेस्टर मनातल्या मनात भांडत होती. पाच मिनिटांत तिने सहा वेळा सॉरी म्हटलं आणि सहाही वेळा त्यापुढे ‘पण’ लावला. बावीस वर्षांत ती या घराच्या पुढच्या दारापाशी कधी आली नव्हती. सगळं बोलणं कुंपणावरून. दाराची घंटा कुठे आहे हेही तिला शोधावं लागलं.

बेरिलने दार उघडलं. हातात बागेचे हातमोजे, चेहरा दगडासारखा.

“मी गोगलगायी फेकल्या,” हेस्टर म्हणाली. “तीन वर्षं. चुकलं माझं.”

बेरिल थांबून राहिली. “पण?”

“पण काही नाही.” हेस्टरने श्वास घेतला. “म्हणजे आहे. तू मला विचारायला हवं होतंस.”

“हवं होतं,” बेरिल म्हणाली. “मी दोनदा कुंपणापाशी आलेसुद्धा. दोन्ही वेळा तू म्हणालीस, आज जरा उघडीप दिसते.”

“मग पुढे बोलायचंस!”

“उघडीप दिसते म्हटल्यावर विषाचं कसं काढायचं, हेस्टर? काहीतरी रीत असते!”

आतून केटलीची शिट्टी ऐकू आली, पण कुणी कुणाला आत बोलावलं नाही.

“उद्या पहाटे पाचला बादली घेऊन ये,” बेरिल शेवटी म्हणाली. “तुझ्या तू वेचून ने.”

“त्यातल्या माझ्या कोणत्या, ते कसं ओळखणार?”

“ज्या माझ्या होस्टांवर आहेत त्या सगळ्या.”

“सगळ्या! तुझ्या बागेत आधीपासून एकही नव्हती?”

“एकही नव्हती.”

“बेरिल चग, हे तर धडधडीत खोटं आहे!”

“पाचला,” बेरिल म्हणाली. “आणि बादली मोठी आण.”